हंडी पास

खाजा उस्तादनं उलथण्याची कड कणकेच्या वळीत खुपसली आणि हंडीभोवती एक फेरी मारली. भाजून कडक झालेली कणीक तडतडत सुटली. मग दोन्ही हातांवर फडकी घेऊन त्यानं झाकण तिरकं उचललं. वाफ आपल्याकडे न येता समोरच्या माणसाच्या तोंडावर जावी, असं. समोरचा माणूस म्हणजे हॉटेलचा मॅनेजर, उदय बिरादार. टाय खांद्यावर टाकून तो हंडीवर वाकला, डोळे मिटले आणि मनात तीनपर्यंत मोजलं.

वाफ गरम होती. त्यापलीकडे तिच्याबद्दल त्याला काहीही कळलं नाही.

त्यानं एक डोळा किंचित उघडून उस्तादच्या हाताकडे पाहिलं. पुन्हा उचललेलं उलथणं सावकाश खाली गेलं आणि ओट्यावर टेकलं. उदयनं मान हलवली.

"हंडी पास," वेटरांच्या कॅप्टननं हाक दिली आणि भटारखाना कामाला लागला.

कोपऱ्यातल्या टेबलापाशी लक्ष्मम्मा रायत्याचं दही घुसळत होती. नऊ वर्षं ती त्याच कोपऱ्यात उभी होती. उदय बाहेर निघाला तेव्हा तिनं रवी थांबवली.

"सार," ती पुटपुटली, "वासन वस्तुंदि."

वास येतोय, एवढंच. कसला, ते तिनं सांगितलं नाही. सांगायची तिची पायरी नव्हती. आदल्या रात्री तीन तास वीज गेली होती आणि जनरेटरवर मटणाचा फ्रीजर नव्हे, बाहेरची चमकती पाटी चालत होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. उदयनं मागे वळून पाहिलं. उलथणं ओट्यावर शांत पडलेलं होतं. बाजूला पंखा घरघरत होता; उस्तादला काही ऐकू गेलेलं नव्हतं.

"तू तुझं दही बघ," तो म्हणाला.

तिनं रवी पुन्हा फिरवायला घेतली.

उदय बिरादार बावीस वर्षं बिर्याणीच्या हॉटेलात नोकरी करत होता आणि बिर्याणी त्यानं कधी खाल्ली नव्हती. घराणं उदगीरकडचं, आजोबांपासून माळकरी. तुळशीची माळ टायच्या गाठीखाली बरोबर झाकली जाई. तो विशीत होता तेव्हा दिलसुखनगरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. त्यातल्याच एका इमारतीत, टंकलेखनाच्या वर आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या खाली, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा मिळायचा. 'समाधानाचं करिअर, सात देशांत संधी' अशी पाटी होती. ते सात देश कोणते, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. समाधान मात्र उदयला त्या इमारतीपासून सातशे पावलांवर मिळालं, आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाही जरा लाजिरवाणी वाटे.

ते असं झालं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, हंडी उघडत असताना दारातूनच तो म्हणाला होता, हे मटण कालचं आहे. सगळे हसले. उस्तादनं घास तोंडात घेतला आणि थुंकला. मालक यादगिरी सेठनं त्या दिवशी हुकूम काढला की बिरादारनं मान हलवल्याशिवाय हंडी बाहेर जायची नाही. "खानेवालेकू लालच रहती," सेठ गिऱ्हाइकांना सांगायचा. "ये आदमी खाताच नै. इसका नाक गंगाजल है." चवीनं खाणारे लोक मग मुद्दाम भटारखान्याच्या दाराशी उभे राहून न खाणाऱ्या माणसाची मान हलताना बघायचे.

आणि उदयला ते आवडायचं. पुदिना सकाळचा की कालचा, बोकड कोवळा की वयात आलेला, केशर दुधात भिजवलंय की नुसतं शिंपडलंय, हे त्याला पहिल्या वाफेत कळायचं. एखादी हंडी बरोबर जमली की त्याच्या मानेवर काटा यायचा. आपल्या घरात कुणाला काही येतं म्हणावं, तर हे येतं, असं त्याला वाटायचं. वडिलांचं मत वेगळं होतं. भगवंतरावांच्या म्हणण्याप्रमाणे वास घेणं म्हणजे अर्धं जेवण, असं शास्त्रात आहे. त्या हिशेबानं रोजच्या सहा हंड्या म्हणजे उदय दिवसाला तीन वेळा मटण खात होता. बावीस वर्षांचा आकडाही ते सणावाराला काढून दाखवत.

पाच आठवड्यांपूर्वी त्याला ताप आला. चार दिवसांत उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. पाचव्या दिवशी तो ओट्याशी उभा राहून पेपर वाचत होता आणि शेजारी दूध करपून कोळसा झालं. त्याची बायको मंगला बाहेरच्या खोलीतून धावत आली. तिनं पातेलं बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं आणि गॅस बंद केला. विद्यानगरच्या डॉक्टरनं सांगितलं की परत येईल. आणि नाही आला तर येणार नाही.

हॉटेलात त्यानं कुणाला सांगितलं नाही. सेठ कोंडापूरला दुसरी शाखा काढत होता आणि तिचा मॅनेजर उदय होणार होता. तिथल्या दर्शनी भिंतीवर त्याचा डोळे मिटलेला फोटो लागायचा होता. शिवाय त्याला एक युक्ती सापडली होती. उस्ताद त्या चुलीपाशी पस्तीस वर्षं होता. हंडी मनासारखी असली की त्याचं उलथणं ओट्यावर टेकायचं. नसली तर हातातच राहायचं. उदय त्या हाताकडे बघायचा आणि मान हलवायचा. पाच आठवड्यांत एक तक्रार आली नव्हती.

त्याच दिवशी दुपारी एक वाजता जामबागेतल्या शाळेचे अकरा निवृत्त शिक्षक जेवायला आले. दरवर्षी यायचे. केबिन नंबर दोन त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असे, कारण तिला जाड पडदा होता. अकराही जण आपापल्या घरी कांदासुद्धा चतुर्थी बघून खात. मॅनेजर आपला माणूस आहे, बाहेर बोलणार नाही, या भरवशावर ते जवळची तीन हॉटेलं टाकून इथं येत. उदयही त्यांना स्वतः वाढायचा. पाहुण्याची लाज राखणं हा डिप्लोमात शिकवलेला एकमेव धडा होता, जो खरा निघाला.

"पडदा ओढ रे," हणमंतराव सर म्हणाले. आठवीत त्यांनी उदयला गणित शिकवलं होतं. "आणि बिल व्हेजचं कर. मागच्या वर्षी सूनबाईनं खिशात हात घातला."

"केलंय सर."

शहात्तर वर्षांचे केशवराव कोपऱ्यात बसले होते. गेल्या काही महिन्यांत त्यांचे गाल आत गेले होते, पण ताट समोर आल्यावर चेहरा उजळला. "उदय, एखादी हाडाची नळी दिसते का बघ. मागच्या खेपेला हणम्यानं पळवली."

उदयनं हंडीच्या तळातून नळी शोधून त्यांच्या ताटात घातली. वर चमचाभर रायतं.

"रायतं नको रे," केशवराव म्हणाले. "दह्यानं मला कफ होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला हणमंतरावांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"अकराच्या अकरा दवाखान्यात आडवे आहोत," ते म्हणाले. "रात्रभर चाललंय. केशवचं जरा जास्त आहे, त्याला वरच्या मजल्यावर नेलंय."

उदय फ्रीजरपाशी उभा होता. त्यानं दाराच्या मुठीला हात टेकला.

"सर, डॉक्टरांना काय सांगितलं?"

"तेच सांगायला फोन केला. व्हेज सांगितलंय, सगळ्यांनी. मुलं, सुना उभ्या होत्या शेजारी, काय करणार? कुणी पनीर म्हणालं, कुणी भाजीची बिर्याणी. डॉक्टर म्हणाला, सगळ्यांनी खाल्लेलं एकच काय, तर म्हटलं रायतं." पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला. "तूही तेच सांग हं. आमची पत आता तुझ्या हातात आहे."

अकरा वाजता सेठ आला. त्यानं भटारखान्यातल्या सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला, तोही फक्त उदयला.

"हंडी कैसी थी?"

उदयनं उस्तादकडे पाहिलं. उस्ताद जमिनीकडे बघत होता.

"पास थी, सेठ."

"तुम बोले तो बात खतम." सेठ खरोखरच निर्धास्त झाला. अकरा आजारी माणसं एका बाजूला आणि बिरादारचं नाक दुसऱ्या बाजूला, असा तराजू त्याच्यापुढे होता आणि काटा कुठं झुकणार याबद्दल त्याला शंका नव्हती. "डॉक्टर भी रायता बोला. दही किसका?"

लक्ष्मम्मा एक पाऊल पुढे आली. पदराला पुसलेले हात तिनं तसेच पदरात धरून ठेवले.

"मैं बोली थी ना, सार," ती उदयला म्हणाली.

"क्या बोली थी?" सेठनं विचारलं.

ती उदयकडे बघत राहिली. मधे बोलायचं असतं तर उदयला बोलता आलं असतं; तिनं वेळ दिला होता. उदयनं टायची गाठ जराशी वर सारली. पंख्याची घरघर चालू होती.

"कुछ नै," लक्ष्मम्मा म्हणाली. तिनं फळीवरून आपला स्टीलचा डबा काढला, चप्पल घातली आणि मागच्या दारानं गेली. दुपारपर्यंत अन्नखात्याचा माणूस येऊन रायत्याचा नमुना घेऊन गेला. ते रायतं त्या दिवशी सकाळी कॅप्टननं केलेलं होतं.

रात्रीच्या जेवणाला मंगलानं विचारलं, "आणि तिचं काय?"

"दुसरीकडे लागेल कुठंतरी."

"अकरा माणसं पाडलेली रायतेवाली कोण ठेवेल?" तिनं त्याच्या ताटात भात वाढला. "सांगून टाका सेठला. फार तर नोकरी जाईल."

"फार तर," उदय म्हणाला. त्याला दुसरं काही येत नव्हतं, हे तो बोलला नाही. आता तर तेही येत नव्हतं.

"काय सांगायचंय?" भगवंतरावांनी पाटावरून विचारलं.

"त्यांना वास येत नाही, मामंजी. महिना झाला."

म्हाताऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे महिनाभर हा शुद्ध शाकाहारी आहे." आणि समाधानानं जेवू लागला.

पाचव्या दिवशी केशवराव गेले. उदय त्यांच्या घरी गेला तेव्हा बाहेर चपलांची रांग लागली होती. दहा शिक्षक, हाताला सलाईनच्या चिकटपट्ट्यांच्या खुणा घेऊन, भिंतीला टेकून बसले होते. कुणी उदयच्या नजरेला नजर दिली नाही. फोटोपाशी मुलगा चिन्मय होता, पुण्याहून आलेला.

"बाबांनी जन्मात मांसाला हात लावला नाही," तो उदयला म्हणाला. "इतकं सांभाळून खाणारा माणूस. आणि घात केला कुणी, तर दह्यानं."

हणमंतरावांनी डोळ्यांना रुमाल लावला. उदयच्या तोंडात एक वाक्य आलं होतं, लहानसंच, की ते दही खात नव्हते. एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. त्यानं फोटोपुढे हात जोडले आणि सवयीनं, बावीस वर्षांच्या सवयीनं, निघताना जराशी मान झुकवून सगळ्यांना विचारलं, "येऊ?"

तिथून तो थेट हॉटेलात आला. दुपारची गर्दी ओसरली होती. उस्ताद मागच्या पायरीवर बशीतून चहा पीत होता. उदय त्याच्या शेजारी बसला, ज्या पायरीवर मॅनेजर कधी बसत नसे.

"उस्ताद, उस दिन आप उलथना नीचे कैकू रखे?"

"आप पास किए, मैं रखा."

"मैं तो आपका हाथ देखके मुंडी हिलाया."

बशी ओठांपर्यंत जाऊन थांबली.

"मेरा हाथ?" उस्ताद म्हणाला. "मेरा हाथ देखके क्या करते? मेरेकू तो आठ साल से वास नै आती, साब. इत्ता धुआँ खाया, नाक कब की जल गई. मैं आपकी मुंडी देखके हाथ नीचे लेताऊँ. इधर आप जरा झुके, उधर मैं रखा." त्यानं बशी खाली ठेवली. "इन दिनों आप देर कर रहे थे. मैं समझा बुखार की कमजोरी है, तो मैंच जरा पहले रख देता था, आपकू आसान हो जाए करके."

समोर भिंतीला लागून कांद्याची पोती रचलेली होती.

"आपकू कब से?" उस्तादनं विचारलं.

"पाँच हफ्ते."

उस्तादनं बोटांवर मोजलं. "मतलब पाँच हफ्ते हंडी अल्ला पास कर रा था." तो हसला नाही. "आठ साल मैं किसीकू नै बोला, साब. आप थे ना, इसलिए."

सेठ वरच्या खोलीत कोंडापूरच्या भिंतीचे रंग निवडत होता. उदयनं दार लावून घेतलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ताप, वास, उलथणं, फ्रीजर. उस्तादचं नाव मात्र घेतलं नाही. सांगून झाल्यावर त्याला बरं वाटेल अशी त्याची कल्पना होती.

सेठनं रंगांचा कागद बाजूला ठेवला. "किसकू बोले?"

"आपकू. पहली बार."

"अच्छा करे. अब और किसीकू नक्को बोलो."

"सेठ, लक्ष्मम्माकू वापस लेना. उसका दही अच्छा था."

"दही अच्छा था तो खराब क्या था?" सेठनं शांतपणे विचारलं, मुलाला पाढा विचारावा तसं. "सोचो बिरादार. उसकू अंदर लिया तो हंडी बाहर आती. हंडी बाहर आई तो वो मास्टर लोगां बाहर आते, मटन खाके मरे करके. मरनेवाले का बेटा सुनेगा तो खुश होगा? तुम्हारेच लोगां हैं. सबसे पहले उनोंच मना करेंगे."

ते खरं होतं.

"मेरेकू वास नै आती, सेठ," उदय पुन्हा म्हणाला. ऐकू गेलं नसेल, असं त्याला वाटलं.

"वास का क्या है?" सेठनं कागद परत ओढला. "लोगां वास देखने थोडी आते, तुमकू देखने आते. मुंडी तो हिलती ना तुम्हारी? बस. हिलाओ."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला उस्तादनं कणकेची वळी फोडली. कोपऱ्यातल्या टेबलापाशी नवी बाई दही घुसळत होती; तिला कॅप्टननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इथं तोंडानं नाही, हातानं काम करायचं. झाकण तिरकं उचललं गेलं. वाफ उदयच्या चेहऱ्यावर आली, चष्मा असता तर धुरकटला असता, एवढी दाट.

त्यानं डोळे मिटले नाहीत. उस्तादनं उलथणं खाली ठेवलं नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि हंडी मधे उघडी.

"साब," कॅप्टन हळूच म्हणाला, "चार नंबर टेबल वेट कर रा."

उदय वळला. समोर भटारखान्यातली सहा माणसं उभी होती. सहा धडधाकट नाकं.

"तुम बोलो," तो म्हणाला. "वास कैसी है? जो है सो बोलो. किसीकू कुछ नै होता."

तंदूरवाल्यानं कॅप्टनकडे पाहिलं, कॅप्टननं भांडी घासणाऱ्या युसुफकडे. नव्या बाईची रवी थांबली. तिनं लक्ष्मम्माच्या रिकाम्या फळीकडे एकदा बघितलं आणि रवी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

"बोलो ना," उदय म्हणाला. आवाज त्याला अनोळखी वाटला. "मैं पूछ रहाऊँ."

"फर्स्टक्लास है, साब," कॅप्टन म्हणाला.

"फर्स्टक्लास," तंदूरवाला म्हणाला.

"एक नंबर, साब." "खुशबूच खुशबू." सगळ्यांनी एकेक करून सांगितलं, उदयच्या मानेकडे बघत. युसुफ शेवटचा होता. त्यानंही मान डोलावली, पण डोलावताना शर्टाची बाही नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. वाफेमुळे असेल. पहाटेपासून त्याला सर्दी होती, असं तो नंतर म्हणालाही असता.

उदय त्या बाहीकडे बघत होता. बाहेर चार नंबर टेबलावर कुणीतरी चमच्यानं ग्लास वाजवला, आणि उस्तादनं, वाट बघून बघून, उलथणं ओट्यावर टेकवलं.